सूझता घास

एका जागी बसणं ज्ञानचंदशेठना जमेनासं होऊन आता चार वर्षं होत आली होती.

जळगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पितळ, तांबं, स्टील, लग्नाच्या रुखवताचे सेट. दुकान आता मुलगा अखिल बघायचा, पण शेठ रोज यायचे आणि वरच्या फळीवरची पातेली खाली, खालची वर करत दिवस काढायचे. गिऱ्हाईक आलं की चिडायचे, नाही आलं तरी चिडायचे. पिंप्राळ्याच्या घरी जेवता जेवता ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. परत येईपर्यंत भाजी निवलेली असायची. बायको लाडकुंवर सुरुवातीला बोलायची. मग तिनं बोलणं सोडून दिलं आणि आपली सामायिकं, म्हणजे ध्यानाच्या बैठका, वाढवली. ती आसनावर डोळे मिटून बसली की शेठ तिच्याकडे असे बघायचे, जणू तिनं गाडीतली एकुलती एक सीट पकडली आहे आणि यांना उभ्यानं प्रवास करायचाय.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, जिनलनं, दीक्षा घेतली होती. भुसावळच्या शाळेत गणित शिकवणारी, स्कूटरवरून भाजी आणणारी, मोठ्यानं हसणारी मुलगी. केस, कपडे, नाव सगळं मागं टाकून ती साध्वी चेलनाश्रीजी झाली. भर मंडपात ज्ञानचंदशेठनी उभं राहून दीक्षेची आज्ञा दिली. हात जोडले, आवाज कापू दिला नाही. बाप असावा तर असा, असं लोक म्हणाले. शेठनी ते ऐकलं, घरी आले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पायांना भिंगरी लागली.

डिसेंबरात जैन संघाच्या माणसाचा फोन आला. तिघी साध्वीजी शिरपूरहून चोपड्याकडे पायी निघाल्या होत्या. गुरुणीजींचा गुडघा दुखत होता, त्यामुळे मुक्काम जवळजवळचे ठरले होते. अनेर नदी ओलांडल्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर थांबावं लागणार होतं. तिथं जैनांचं एकही घर नव्हतं. जुन्या शाळेची एक खोली तेवढी मोकळी होती. गाडी घेऊन कुणी सोबतीला जाईल का, औषधपाण्याची गरज पडली तर?

"मी जातो," शेठ म्हणाले. समोरच्याचं वाक्य अजून संपायचं होतं.

लाडकुंवर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "सेवेला जाताय का लेकीला भेटायला?"

"सेवेला."

"मग माझा कुटलेल्या बाजरीचा डबा कुठं चालला?"

हिवाळ्यात बाजरीचा खिचडा झाला की जिनल पातेल्याशीच बसायची, हे दोघांनाही माहीत होतं.

"त्यांच्यासाठी म्हणून केलेलं त्यांना चालत नाही," लाडकुंवर म्हणाली. "गृहस्थानं आपल्यापुरतं केलेलं असावं, त्यातलं थोडं ते घेतात. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"मी माझ्यापुरतंच करणार आहे. रानात मी जेवायचं नाही का?"

"जेवा की. पण खरंच आपल्यापुरतं करा. मनातसुद्धा."

शेठनी डबा पिशवीत कोंबला. दुकानातून जाड बुडाचं एक पितळी पातेलं उचललं, आतून नवी कोरी कल्हई केलेलं. लहान सिलिंडर आणि शेगडी गाडीत टाकली आणि अखिलला पत्ताही नीट न सांगता निघाले.

पाड्यावर पोचले तेव्हा दुपार कलत होती. साध्वीजी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. शेठनी शाळेपासून लांब, कापसाच्या एका शेताच्या कडेला गाडी लावली, सामान उतरवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घाईत सिलिंडरचा रेग्युलेटर घरीच राहिला आहे.

चोपड्याला जाऊन येण्यात दिवस मावळला असता. सूर्यास्तानंतर शेठ पाणीसुद्धा घेत नसत. आणि उद्यासाठी आज एकदा करून बघणं भाग होतं, कारण आयुष्यभर भांडी विकली असली तरी स्वतः त्यांनी कधी चहाही उकळला नव्हता.

बांधावर गेल्या खेपेच्या पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, रचून ठेवली होती. पलीकडे एक नवराबायको कापूस वेचत होते, त्यांना विचारून शेठनी एक भारा घेतला. तीन दगड मांडले. प्रत्येक काडी दगडावर आपटून, फुंकर मारून, आत किडा-मुंगी नाही ना ते बघून मगच चुलीत घालायची असा त्यांचा नेम. त्यामुळे अर्धा भारा झटकेपर्यंत हात सोलून निघाले. एक गोष्ट मात्र त्यांना गिऱ्हाइकांकडून ऐकून माहीत होती. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवला की काजळी धरत नाही. तो फिरवला. मग काडी ओढली.

पऱ्हाटी पेटते ती भडकूनच. ज्वाळा पातेल्याच्या काठाच्या वर गेल्या. शेठ मागे सरकले, मग पुढे झाले, पळीनं ढवळलं, झाकण ठेवलं, लगेच काढून बघितलं, पुन्हा ठेवलं. वारा सुटला की ज्वाळा एका बाजूला पळायच्या आणि पातेलं दुसऱ्या बाजूनं थंडच राहायचं. शेठ काड्या कोंबत राहिले. थोड्याच वेळात करपल्याचा वास आला. वरची बाजरी कडक, खालची कोळसा.

"शेठ, हाई काय शे? सैपाक का होळी?"

वेचणारी बाई बांधावर येऊन उभी होती. दिवालीबाई तिचं नाव. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, गळ्यात तुळशीची माळ. मागून तिचा नवरा जामसिंग आला. त्याच्याही गळ्यात माळ होती.

"खिचडा," शेठ म्हणाले.

"आग वर जाई राह्यनी ना," दिवालीबाई वाकून बघत म्हणाली. "चर खंदाले पाह्यजे. वारा येस तिकडे तोंड करीसन. काड्या एक बाजूनं सरकावत जायाच्या, वर पातेलं. आच बठ्ठी एक जागी ऱ्हास."

"चर कसाले?" जामसिंगला ते मुळीच पटलं नाही. "लटकाडा शेठ. तीन बांबू उभा करा, वर बांधा, साखळी सोडा. आच जास्त झायी का पातेलं वर ओढा, कमी झायी का खाले सोडा. मन्हा बाप असंच करे."

"तुन्हा बाप बठ्ठं कच्चंच खाये."

दोघं तिथंच भांडायला लागले. शेठ कधी हिच्याकडे तर कधी त्याच्याकडे बघत होते. शेवटी पश्चिमेकडे बघून त्यांनी मधला, जरा बरा दिसणारा खिचडा चार घास खाल्ला, पाणी प्यायले आणि तोंड पुसलं. दिवस बुडाला. त्यांनी लाडकुंवरला फोन लावला आणि सगळं व्यवस्थित चाललंय असं सांगितलं.

"काय जेवलात?"

"खिचडा."

"कसा झाला?"

"चांगला."

"झोपा आता," ती म्हणाली.

झोप कुठली. गाडीतल्या सीटवर ते कुशी बदलत राहिले. उजाडताच चर खणायला घेतला.

त्यांनी मनाशी सगळं ठरवलं होतं. साध्वीजी सूर्य उगवल्यावर निघणार, गुरुणीजींच्या चालीनं दहाच्या आसपास पोचणार. त्याआधी पातेलं विस्तवावरून उतरलेलं हवं, कारण विस्तवावरचं भांडं त्यांच्यासाठी उतरवलं तर ते चालत नाही. वाढणाऱ्याचा हात विस्तवाला लागलेला चालत नाही, कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, पाण्याला लागलेला चालत नाही. म्हणजे आधीच शिजवून, उतरवून, गरम ठेवून, आपण हात कोरडे करून लांब उभं राहायचं. आणि हे सगळं स्वतःसाठीच केलं असं म्हणायचं.

दिवालीबाईचा चर पहिल्यांदा नीट चालला. वाऱ्याच्या तोंडाशी खणला होता, काड्या सरकवल्या की आत आगीचा पट्टा सुरसुरत जायचा. पाण्याला आधण पटकन आलं. शेठनी बाजरी वैरली, मुगाची डाळ घातली, हिंग, मीठ. पण पाणी आटायला लागल्यावर हीच आच वैरीण झाली. चराच्या भिंती तापल्या होत्या, काड्या ओढून घेतल्या तरी उष्णता कमी होईना. खिचडा बुडबुड करत वर फुटायला लागला.

"आते तरी लटकाडा," बांधावरून जामसिंग ओरडला. तो बांबू घेऊन तयारच होता.

तीन बांबूंची घोडी उभी झाली. गाडी ओढायची साखळी शेठनी डिकीतून काढली. पातेल्याच्या दोन कड्यांत तार ओवून ते लटकवलं आणि एक एक कडी वर घेत निखाऱ्यांपासून हातभर उंच नेलं. बुडबुड थांबली. खिचडा आता संथ, आतल्या आत शिजू लागला. जामसिंगनं बायकोकडे बघून मिशीवर हात फिरवला आणि तेवढ्यात एक बांबू मऊ मातीत रुतला. पातेलं कललं. पाव खिचडा निखाऱ्यांवर गेला.

शेठ किंचाळलेच. दिवालीबाईनं पदरानं कडी धरून पातेलं सावरलं. जामसिंग मिशीवरचा हात तसाच ठेवून बघत राहिला.

"ऱ्हायनं तेवढं पुरे शे," दिवालीबाई म्हणाली. "एकलाच तर शेतस तुम्ही."

शेठनी मान खाली घातली. उरलेला खिचडाही चार माणसांना पुरला असता.

पातेलं उतरवलं. झाकणावर दोन फडकी, त्याभोवती गोधडी, गोधडीभोवती कडबा, आणि सगळं गाडीच्या मागच्या भागात. विस्तवावर पाणी टाकणं शेठच्या जिवावर येई, म्हणून तो तसाच विझू दिला. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. घड्याळ बघितलं. रस्त्यावर जाऊन आले. परत येऊन गोधडीत हात घातला, गरम आहे. पुन्हा रस्त्यावर. दहा वाजून गेले, कुणाचा पत्ता नाही. अकराच्या सुमारास त्यांना राहवेना, गाडी सुरू केली आणि खिचड्यासकट शिरपूरच्या दिशेनं निघाले.

कोसभरावर एका निंबाखाली तीन पांढऱ्या आकृत्या दिसल्या. गुरुणीजी पाय लांब करून बसल्या होत्या. दुसऱ्या दोघींपैकी एक त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. ती चेलनाश्रीजी. चेहरा उन्हानं रापलेला, खांदे उतरलेले. शेठ गाडीतून उतरले, वंदना केली.

"दया पाळा," गुरुणीजींनी नेहमीचा आशीर्वाद दिला. "ज्ञानचंदजी, तुम्ही आलात? गाडीत तर आम्ही बसत नाही. तुम्ही पुढं व्हा."

पट्टी बांधणारी मान वर करून एकदा त्यांच्याकडे बघून हसली आणि पुन्हा खाली वाकली. शेठ पुढं झाले. वाटेत त्यांनी गाडी दोनदा थांबवली, दोनदा आरशात बघितलं. पातेलं निवत होतं. परत विस्तवावर ठेवावं का? ठेवलं आणि त्या आल्या तर? नाही ठेवलं आणि गार झालं तर? पाड्यावर पोचून त्यांनी गोधडीवर आणखी एक गोधडी टाकली आणि गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले.

दुपारी बाराच्या पुढं, गुरुणीजींना खोलीत बसवून, चेलनाश्रीजी आणि तिसऱ्या साध्वीजी हातात झोळी घेऊन गोचरीला, म्हणजे भिक्षेला, बाहेर पडल्या. शेताच्या कडेला त्या थांबल्या. शेठ गाडीजवळ ताठ उभे होते, हात कोरडे, विस्तवापासून लांब. दिवालीबाई आणि जामसिंग बांधावर भाकरी सोडून बसले होते.

"पधारा महाराजसा," शेठ म्हणाले. स्वतःच्या मुलीला महाराजसा म्हणायची सवय त्यांना अजूनही झाली नव्हती.

चेलनाश्रीजींनी आधी विस्तव कुठं आहे ते बघितलं, पाणी कुठं आहे ते बघितलं. मग उघडलेल्या पातेल्याकडे. वाफ निघत होती. वर तुपाचा ओघळ.

"श्रावकजी, हा आहार कुणासाठी केला?"

"माझ्यासाठी," शेठ म्हणाले. हे वाक्य त्यांनी सकाळपासून मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते सहज बाहेर आलं.

"दखा ना बाई," दिवालीबाई कौतुकानं बांधावरून बोलली, "कालपासून धावपळ करी राह्यनात शेठ. पहिला बठ्ठा जाळी टाका. आज पहाटपासून परत. तुम्ही येणार म्हणीसन एक घास खादा नई त्यासनी."

तिच्या बोलण्यात चांगुलपणाशिवाय काही नव्हतं. शेठच्या कानशिलांवर ऊन चढलं.

चेलनाश्रीजी वडिलांकडे बघत राहिल्या. रागानं नाही. वर्गात मुलानं उत्तर बरोबर लिहावं आणि रीत दुसऱ्याची उचललेली असावी, तशा.

"श्रावकजी?"

शेठना 'नाही' म्हणायचं होतं. बाई काहीतरी बोलतेय, माझ्यासाठीच आहे, घ्या. पण त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"असूझतं आहे," त्या हळूच म्हणाल्या. आम्हाला घेण्याजोगं नाही. आणि झोळी सावरून बांधाकडे वळल्या.

दिवालीबाईला त्यांनी विचारलं, घरात मांसमच्छी चालते का, भाकरी केव्हाची, कुणासाठी केली. माळ घातल्यापासून बठ्ठं बंद, जामसिंग म्हणाला. भाकरी सकाळची, आमचीच. लसणाची चटणी त्यांनी नको म्हटली. ज्वारीची एक भाकरी दिवालीबाईनं अर्धी मोडून पात्रात घातली, आणखी घालू लागली तर दोघींनी हात आडवा केला. बस, बस. कोरडी अर्धी भाकरी घेऊन त्या शाळेकडे गेल्या.

शेठ पातेल्याशी उभे. दिवालीबाईला आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं, आणि ते तिला समजावून सांगायची शेठची तयारी नव्हती.

"खाऊन टाका तुम्ही," ते म्हणाले. "सगळा."

दुपारी ते दर्शनाला शाळेच्या ओट्यावर गेले. साध्वीजींकडे एकट्या पुरुषानं जायचं नाही ही रीत, म्हणून सोबत दिवालीबाईला घेतलं. गुरुणीजी भिंतीला टेकून माळ ओढत होत्या. चेलनाश्रीजी पोथी मिटून समोर बसल्या. शेठ बसले. उठले. सावली सरकली म्हणून जागा बदलून बसले. मग चप्पल सरळ करायला उठले.

"खाली लागला होता ना?" चेलनाश्रीजी म्हणाल्या.

"काय?"

"खिचडा. वास येत होता."

"काल लागला होता. आज नाही," शेठ घाईनं म्हणाले. "आज चांगला झाला होता. थोडा सांडला." मग त्यांचा धीर सुटला. "अर्ध्या भाकरीवर तिघींचं भागतं?"

"भागतं की नाही ते आम्हाला ठरवू द्या."

"मी विचारायचंही नाही?"

"विचारा. पण मी उपाशी आहे म्हणून तुमचा जीव खालीवर होत नाहीये, श्रावकजी. मी तुमच्या हातचं घेत नाही म्हणून होतोय." त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "आज्ञा दिलीत तेव्हा लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं. त्या दिवशी तुम्ही रडला असतात तरी मी गेलेच असते. आणि तुम्हाला बरं वाटलं असतं."

गुरुणीजींची माळ क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

शेठ उठले, यांत्रिकपणे वंदना केली आणि निघाले. शेतात आल्यावर त्यांनी पायानं माती लोटून चर बुजवला, बांबू उपटून फेकले. चार वर्षं! चार वर्षं माणूस एक चांगली गोष्ट करायला बघतो आणि वर हे ऐकून घ्यायचं. उद्या सकाळी निघायचं, बस. सेवेला दुसरा कुणी येईल. त्यांनी सामान गाडीत फेकायला सुरुवात केली.

जामसिंग बांधावरून बघत होता. जरा वेळानं जवळ आला.

"शेठ, सकाळे पाड्यावरनी माणसं वेचणीले येतीन. दहा-बारा. ह्या तुकड्याची वेचणी उद्या उरकनी पाह्यजे. तुमनं पातेलं मोठं शे. दोन दिवस ठेवी जाता का?"

"शिजवणार कोण?"

"मीच. दिवालीले वेचणं शे."

"लटकवून?"

"हाऊ. लटकाडीसन."

शेठनी पातेल्याकडे बघितलं. नवी कल्हई. दोनदा विस्तवावर चढलेलं, एकदा सांडलेलं. हा माणूस ते बांबूला टांगून त्याची काय गत करेल हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि गेले दोन दिवस पोटात साठलेला सगळा राग एकदम त्या बांबूंवर निघाला.

"अजिबात नाही! भांडं माझं आहे, मीच शिजवणार. तू लाकडं आण, बाकी हात लावू नको."

जामसिंग खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच शेठ कामाला लागले. दहा-बारा माणसांचा अंदाज त्यांना नव्हता, म्हणून लाडकुंवरला फोन केला. तिनं प्रमाण सांगितलं. कुणासाठी, हे विचारलं नाही, आणि सांगायला शेठना वेळ नव्हता. बाजरी कमी पडणार होती, पाड्यावरून ज्वारी आणून भरडून घेतली. तीन दगड पुन्हा मांडले, पण या वेळी खाली उथळ चर. पऱ्हाटीबरोबर बाभळीचे दोन ओंडके. आधण येईपर्यंत पऱ्हाटी, मग ती बाजूला ओढून फक्त बाभळीचे निखारे. खिचडा दाटला तसे त्यांनी फावड्यानं थोडे निखारे झाकणावर चढवले, म्हणजे वरूनही धग लागेल. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बिर्याणीचं भांडं घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आले होते.

मधेच त्यांनी एका वेचणाऱ्या बाईला पऱ्हाटी न झटकता चुलीत घातली म्हणून झापलं. जामसिंगला दोनदा चुलीपासून हाकललं. मीठ चाखलं, जरा जास्त झालं होतं. पाणी वाढवलं, तरी जास्तच. म्हणून मग कढी करायचं ठरवलं, म्हणजे मीठ मारलं जाईल. पाड्यावरून ताक आणि आणखी एक पातेलं आणवलं. दहा वाजले तेव्हा खिचडा उतरून लांब बांधाजवळ कडब्यावर ठेवला होता, दिवालीबाई हात पुसून तिथं वाढायला बसली होती, माणसं पानं घेऊन जमली होती, आणि शेठ घामाघूम होऊन चुलीशी कढी ढवळत होते. कढी फुटते की काय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"हे कुणासाठी केलं?"

आवाज बांधाजवळून आला, तिथं चेलनाश्रीजी आणि तिसऱ्या साध्वीजी येऊन उभ्या होत्या. गुरुणीजींचा गुडघा सुजला होता, त्यामुळे मुक्काम वाढला होता. हे शेठना सकाळी कळलं होतं आणि कामाच्या गडबडीत त्याचा विचार करायचा राहूनच गेला होता.

"वेचणारासकरता," दिवालीबाई म्हणाली. या वेळी ती सावध झाली होती, तिनं पुढं एक शब्दही जोडला नाही.

चेलनाश्रीजी चुलीकडे वळल्या. "श्रावकजी?"

"वेचणाऱ्यांसाठी," शेठ पळी न थांबवता, जरा त्रासूनच म्हणाले. "मीठ जास्त झालंय."

असं म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाशी बोललो. पळी हातातच थांबली.

चेलनाश्रीजींनी पातेल्याकडे बघितलं, दिवालीबाईच्या कोरड्या हातांकडे बघितलं, पानं घेऊन बसलेल्या माणसांकडे बघितलं. मग खाली बसून त्यांनी झोळीतून पात्र काढलं आणि पुढं केलं.

शेठ ताडकन उठणार होते. जाऊन स्वतः वाढणार होते. पण ते विस्तवाशी बसले होते, हात त्याच कामात होते. या हातांनी वाढलेलं तिला चालणार नव्हतं. तिच्यासाठी म्हणून ते उठले, धावले, किंवा ती घेत असताना चुलीवरचं काही हलवलं, तरी ती पात्र मागं घेईल. त्यांनी पळी हळूच बाजूला ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

ढवळणं थांबलं तशी कढी वर यायला लागली.

दिवालीबाई पळीनं खिचडा वाढत होती. एक पळी. चेलनाश्रीजींनी पात्र मागं घेतलं नाही, तशी दुसरी. कढी काठाशी आली, फेसाळली, पातेल्याच्या बाहेर उतरू लागली. निखारे फसफसले. जामसिंग ओरडला, "शेठ, कढी!" आणि शेठनी मान हलवून त्याला जागीच थांबवलं. पिवळे ओघळ दगडांवरून चुलीत जात होते. शेठच्या पायाची बोटं चपलांत वळवळत होती. सगळं अंग उठायला बघत होतं, आणि ते बसून होते.

"बस," चेलनाश्रीजी म्हणाल्या. पात्र झाकलं. उभ्या राहिल्या. जाता जाता चुलीच्या दिशेनं बघून म्हणाल्या, "दया पाळा," आणि पाऊलवाटेनं शाळेकडे गेल्या. त्या शाळेच्या ओट्यावर चढेपर्यंत शेठ हलले नाहीत. मग एकदम उठले, उघड्या हातानंच कढीचं पातेलं चुलीवरून ओढलं आणि बोटं भाजून घेतली.

निम्मी कढी चुलीत गेली होती. उरलेली कशीबशी वाढली गेली. खिचडा खारट आहे, असं एका म्हातारबाबांनी स्पष्टच सांगितलं, आणि तरी पुन्हा मागून घेतला. शेठ सगळ्यात शेवटी जेवायला बसले. उजव्या हाताच्या बोटांवर फोड आला होता, म्हणून डाव्या हातानंच जेवले. खरंच फार खारट झाला होता. पातेल्याच्या तळाला काही उरलं आहे का ते बघायला ते उठले, आणि थोडं उरलेलं निपटून घेऊन परत आपल्या जागी येऊन बसले.